दोन वर्षांची द्राक्षं शेळीनं खाल्ली

आधीच सांगून ठेवते, माझं अक्षर वाईट आहे. वेलांटी पहिली की दुसरी, हे आम्हाला चौथीपर्यंत शिकवलं होतं. पक्कं मात्र पाचवीत करून घेणार होते, आणि पाचवी आमच्या गावात नव्हती. ती पलीकडच्या गावात होती, वाटेत ओढा होता, आणि घरात तंबाखू होती. त्यामुळे माझ्या वेलांट्या कच्च्याच राहिल्या. ही वही लेकीची आहे, अर्धी कोरी राहिलेली. मी ती तांदळाच्या डब्यामागं ठेवते आणि कुणाला दाखवणार नाही. तरीही माफी मागते, कारण माफी मागितल्याशिवाय मला कुठलंच काम सुरू करता येत नाही. भाजीवालीकडं कोथिंबीर मागतानाही माझा चेहरा चोरी पकडल्यासारखा होतो.

आमचं घर सांबऱ्यात, बेळगावच्या विमानतळाजवळ. परसात न्हाणीघर, शेळीचा खुंटा, कपडे धुवायचा दगड आणि दहा-बारा हात मोकळी जागा. त्या जागेत पूर्वी मी दोडका लावायची. दोडक्यानं माझी कधी फजिती केली नाही. तरी एका पावसाळ्यात मला द्राक्षाची बुद्धी झाली.

झालं असं की बेळगावच्या बाजारात हातगाडीवर एक माणूस रोपं विकत होता. मी गुलाब बघत होते, घ्यायचा नव्हता, नुसता बघत होते. तो म्हणाला, "मावशी, गुलाब काय घेताय? हे घ्या. द्राक्ष. बिनबियांचं."

मी म्हणाले, "बी न्हाय तर रोप कशाचं झालं?"

आयुष्यात परक्या माणसाला मी विचारलेला हा पहिलाच शहाणा प्रश्न असावा. पण आजूबाजूची माणसं हसली. तो म्हणाला, "काडीचं. काडी मातीत खवायची, वेल हुतोय." माणसं अजून हसत होती आणि मला तिथून निघायचं होतं, म्हणून मी पैसे दिले आणि रोप घेतलं. लाजेनं केलेली ही पहिली खरेदी नव्हे. घरात लाजेनं घेतलेल्या तीन चाळण्या आहेत.

जाता जाता तो मोठ्यानं सांगत होता, "वरसातनं दोनदा छाटायचं बघा. एकदा पाडव्याच्या फुडं, एकदा दसरा झाल्यावर. दसऱ्याच्या छाटणीला फळ येतंय. बाकी तुमास्नी ठावंच असंल, शेतकऱ्याची माणसं तुमी."

मला ठाऊक नव्हतं. पण शेतकऱ्याची माणसं म्हटल्यावर परत फिरून विचारायचं कसं? मी मान डोलावली. पुढं जे झालं ते सगळं त्या मान डोलावण्यातून झालं.

वेल चांगला लागला. आमची जमीन, न्हाणीचं पाणी आणि शेळीच्या लेंड्या, एवढ्यावर तो होळीपर्यंत भिंतीच्या वर आला आणि शेजारच्या आक्काच्या परसात डोकावू लागला. आक्का म्हणजे आमच्या भिंतीपलीकडची जैन बाई, वय सत्तरच्या पुढं. नवऱ्याचं निपाणीला धान्याचं दुकान होतं. तो गेल्यावर ती इथं मुलाकडं आली. मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात बोलते, सूर्य मावळायच्या आत जेवते, आणि कुणाला भीत नाही. तिला द्राक्षं फार आवडतात. पण तिला कवळी आहे. बी कवळीखाली अडकली की दिवसभर ती देवाचं नाव सोडून बीचं नाव घेते. आणि बाजारातली बिनबियांची द्राक्षं औषधात बुचकळलेली असतात म्हणून खात नाही.

ती भिंतीवरून म्हणाली, "ह्ये द्राक्षी न्हवं काय गं? बिनबीची?"

"व्हय आक्का."

"मांडव कसला घालणार?"

"बांबूचा."

"बांबू वाळवी खातीया. लोखंडी अँगल आण, वर तार ओढ. धा वरीस बघाय नको."

अँगल आणायला पैसे लागतात हे मला तिला सांगायचं नव्हतं. तिनं ते माझ्या तोंडावर वाचलं. आत गेली आणि स्टीलच्या डब्यातून तीन हजार रुपये काढून आणले. मी नको म्हणाले, पण माझं नको इतकं बारीक असतं की ते लोकांना व्हय ऐकू येतं.

"कवा देऊ?" मी विचारलं.

"द्राक्षं आली की त्यातनं दे."

"आणि न्हाय आली तर?"

"तरीबी दे," आक्का म्हणाली. "येव्हार म्हंजे येव्हार. आमचं मालक सख्ख्या भावाकडनंबी मापटं बुडवून घेत न्हवतं."

आमचे मालक औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत कामाला आहेत. वेल बघून ते म्हणाले होते, "द्राक्ष? हितं? लाव की, माकडं खातील." अशा माणसाला शेजारणीकडून तीन हजार घेतल्याचं सांगायचं म्हणजे वर्षभर जेवताना ऐकायचं. त्यांनी विचारलं, "अँगल कुठनं आलं?" माझ्या तोंडून निघालं, "माहेरनं. भावानं दिलं." खोटं बोलताना मी अडखळत नाही. खरं बोलतानाच माझी जीभ जड होते, ही एक माझी गंमतच आहे.

आता ही तीन हजारांची गोष्ट फक्त मला आणि आक्काला ठाऊक होती, आणि द्राक्षं आली की ती मिटणार होती. द्राक्षं मीच येऊ देत नव्हते, हे मला कळायला दोन वर्षं लागली.

इथं मला माझ्या हातांबद्दल लिहिलं पाहिजे. माझं माहेर निपाणीच्या बाजूला. तिकडं लहान मूल चालायला लागलं की त्याला तंबाखूच्या सरीत सोडतात. तंबाखूत सगळा पैसा पानात. म्हणून झाडाला शेंड्यावर फूल धरायची लक्षणं दिसली की शेंडा खुडायचा, आणि बगलेतून फुटवे आले की तेही मोडायचे, म्हणजे सगळा जोर पानात जातो. आमचा बाप सरीच्या टोकाला उभा राहून ओरडायचा, "फूल दिसलं की खुड! फूल चोर हाय, पानाचा जीव खातंय!" आम्ही पोरी दोन्ही हातांनी खुडत जायचो. बोटं काळी, चिकट, कडू. भाकरी खाताना अंगठा वर ठेवायचा. लग्न होऊन सांबऱ्याला येईपर्यंत माझ्या बोटांनी किती लाख शेंडे मोडले असतील देव जाणे. डोकं कुठं का असेना, बोटं आपली खुडतात. आमच्या तुळशीला कधी मंजिरी दिसली नाही. सासूबाई असेपर्यंत म्हणायच्या, "हिच्या हातात फूल टिकत न्हाय." मी ते कौतुक समजायची.

तर पाडव्यानंतर मी वेल छाटला, दसऱ्यानंतर परत छाटला. रोपवाल्यानं सांगितलं तसंच. दिवाळी जाते न जाते तोवर काड्यांचे डोळे फुटले. पोपटी पानं आली, आणि पानासमोर काहीतरी हिरवं, मोहरीएवढ्या मण्यांचं, बारीक तुऱ्यासारखं निघालं. मी बघितलं. माझ्या डोक्यानं काही म्हणायच्या आत बोटांनी ओळखलं. फूल. चोर.

मी सगळे तुरे खुडले. एकेक काडी हातात धरून, पानं वर करून, मागं लपलेले सुद्धा. खाली पसरलेल्या साडीवर ढीग झाला तो शेळीला घातला. शेळीनं असा पाला आजवर खाल्ला नव्हता. मला बघितलं की ती खुंट्याला ताण देऊन ओरडू लागली. मी म्हटलं, मुक्या जनावराला माझं काम कळतंय.

आणि पानं काय आली! भाकरीएवढी. मांडवाखाली भर दुपारी सावलीचा गारवा. गल्लीतल्या बायका येऊन उभ्या राहायच्या. मी लाजून म्हणायची, "काय न्हाय ओ, आपलं असंच." पण मनातून सांगते, माझ्या छातीत त्या वेळी विमान उतरत होतं. आमच्या डोक्यावरून रोज उतरतात तसं.

मार्चमध्ये आक्का भिंतीवरून म्हणाली, "द्राक्षं आली काय गं?"

"पान लई बेस आलंय आक्का."

"पान मी खाऊ काय?"

"फुडच्या वर्षी येतील. पयलं वरीस हाय न्हवं."

तिनं पैशाचं काढलं नाही. आणि तिनं काढलं नाही म्हणून मला तोंड दाखवायची चोरी झाली. दळण न्यायला गिरणी आक्काच्या दारावरून शंभर पावलांवर. मी देवळाला वळसा घालून, शाळेमागून, पोस्टाच्या अंगानं जाऊ लागले. डोक्यावर दहा किलो ज्वारी. एकदा त्याच वळशात आक्का समोरून आली. ती रोज सकाळी त्याच वाटेनं फिरते, हे मला ठाऊक असतं तर मी आपल्या सरळ रस्त्यानं गेले असते. ती म्हणाली, "एवढ्या लांबनं?" मी म्हणाले, "पाय मोकळं कराय." डोक्यावरच्या डब्याकडं बघून ती पुढं गेली.

त्याच उन्हाळ्यात माझी आई चार दिवस राहायला आली. मालक जेवताना तिला म्हणाले, "अत्ती, अँगल लई भारी दिलासा. पावण्यानं खर्च केला, लाजल्यासारखं वाटलं." आईचा घास हातात राहिला. मी तिच्या ताटात आमटी वाढता वाढता तिचा पाय माझ्या पायानं दाबला. आई तंबाखूच्या बाजारात उभी राहिलेली बाई. "व्हय की," ती म्हणाली. "अँगल म्हंजे अँगल. द्यायाच पायजे."

मागं न्हाणीपाशी नेऊन तिनं विचारलं, "कुणाचं?"

"आक्काचं. तीन हजार."

"फेडणार कशातनं?"

मी वर बोट दाखवलं. आईनं मांडवाकडं बघितलं, पुढं होऊन एक पान हातात घेतलं, बोटांनी जाडी बघितली, उन्हाकडं धरलं. "पान बेस हाय," ती म्हणाली. "शेंडं चांगलं खुडलंयस." आम्ही दोघी मायलेकी मान वर करून त्या पानांकडं समाधानानं बघत उभ्या राहिलो. आता आठवलं की मला हसू येतं आणि मग हसू थांबतं.

दुसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर मी परत छाटलं, परत तुरे आले. या वेळी पहिल्याच्या चौपट. तेवढ्यात लेकीला बघायला पाहुणे येणार असं ठरलं, तुळशीचं लग्न झाल्यावर. स्थळ अथणीकडचं. परस स्वच्छ दिसला पाहिजे म्हणून त्या दिवशी सकाळी मी लवकर उठून वेल साफ करायला घेतला. सगळे तुरे काढले. फक्त न्हाणीघराच्या पत्र्यावर पसरलेल्या काड्यांपर्यंत हात पोचेना. स्टूल घ्यावं म्हटलं तर गाडी दारात आली.

पोहे झाले, चहा झाला. मुलाचे मामा हात धुवायला परसात आले. मी तांब्या घेऊन मागं उभी, पदर कपाळापर्यंत. मामा वेलाकडं बघतच राहिले. "वेल झकास हाय," म्हणाले. मी जमिनीकडं बघितलं. माझं सुख तिथंच मावत होतं. मग ते मांडवाखाली गेले, एक काडी ओढून बघितली, दुसरी बघितली, पान वर केलं.

"ह्येला घड कसा काय न्हाय एकबी?"

मग त्यांचं लक्ष शेळीकडं गेलं. शेळी तोंड वर करून चावत होती आणि तिच्या तोंडाच्या कडेनं एक तुरा लोंबत होता. मामा पुढं झाले, त्यांनी तो तुरा शेळीच्या तोंडातून ओढून काढला. शेळीनं सोडला नाही, अर्धाच हातात आला.

"वैनी, ह्ये कुणी खुडलं?"

"मी," म्हणाले. सगळा जीव गोळा करून म्हणाले, कारण मला वाटलं आता शाबासकी आहे. "सगळं सकाळीच काढलं. एकबी ठेवला न्हाय."

मामांचं तोंड उघडं पडलं. "अवो वैनी," ते म्हणाले, "हीच की द्राक्षं!"

मला कळेना.

"ह्यो घड हाय. ह्येच मणी फुगत्यात. आमी ह्ये वाचवाय रातध्याड औषध मारतोय, आणि तुमी शेळीला..." ते दगडावर बसले आणि हसायला लागले. हसणं ऐकून आतून सगळे आले. मुलगा आला, त्याची आई आली, आमचे मालक आले, दारात लेक आली नवी साडी नेसून. भिंतीवर आक्काचं डोकं दिसलं. मामा अर्धा तुरा वर धरून सगळ्यांना दाखवत होते. "दोन पेट्या माल खाल्ला ओ ह्या शेळीनं! एवढी महागाची शेळी अथणीत कुणाकडं न्हाय!"

"गेल्या वर्षीबी असंच केलंस काय गं?" आक्कानं भिंतीवरून विचारलं.

मी मान डोलावली.

"शिवशिवशिव," आक्का म्हणाली, आणि डोकं खाली गेलं.

मला त्या क्षणी न्हाणीत शिरून आतून कडी घालावीशी वाटली, आणि मी शिरलेच. आत बसून मी हिशेब केला नाही, रडलेही नाही. बापाचा आवाज तेवढा ऐकू येत होता. तीन हजार परत करायचा एकच रस्ता माझ्या परसात उगवत होता, आणि मी तो दोनदा स्वतःच्या बोटांनी मोडून जनावराला चारला होता. बाहेरून मामा म्हणत होते, "वैनी, बाहीर या, पत्र्यावर ऱ्हायल्यात बघा काही!"

पत्र्यावर अकरा राहिले होते. माझे हात आखूड म्हणून.

स्थळ जमलं नाही. लेकीला आधी नर्सिंगचं पुरं करायचं होतं, आणि त्यांना थांबायचं नव्हतं. पण मामांनी जाताना मालकांच्या मोबाईलमध्ये आपला नंबर घालून ठेवला होता, वेलाचं काही लागलं तर विचारा म्हणून. मुलगी दिली नाही आणि सल्ला मागायचा? लेक म्हणाली, "मी फोन करणार न्हाय, तुझं तू कर." मालक म्हणाले, "शेळीला कर म्हण." डिसेंबरात पानांवर पिठासारखं पांढरं आलं तेव्हा मी फोन केला. दोनदा त्यांचं हॅलो ऐकून ठेवून दिला. तिसऱ्यांदा त्यांनीच केला. "वैनी न्हवं? बोला. भुरी आली व्हय?" मी न बोलताच त्यांना कळलं. गंधकाची भुकटी किती आणि कधी धुरळायची ते त्यांनी सांगितलं, मी "हूं" म्हणत गेले. फोन ठेवताना ते म्हणाले, "आणि वैनी, हात मागं बांधून मांडवाखाली जात जावा."

मी ते खरंच केलं. परसात गेले की हात पाठीमागं धरायची. तरी एकदा एक शेंडा मोडलाच.

मार्चमध्ये ते अकरा घड पिकले. मणी बारीक, हरभऱ्याहून थोडे मोठे. मामा म्हणाले होते, औषधात बुडवल्याशिवाय बिनबियांचा मणी फुगत नाही. मी ते सगळे ताटात घालून भिंतीवरून आक्काला दिले. आक्कानं एक मणी तोंडात टाकला, कवळीखाली फिरवला, थांबली, दुसरा टाकला. मग तिनं दुकानाच्या काळातला तराजू काढला. मला वाटलं होतं ती म्हणेल, राहू दे गं. ती म्हणाली, "तीन किलोला नवटाक कमी. तीनच धरू. ऐंशीनं दोनशे चाळीस फिटलं." मला हायसं वाटलं. तिनं राहू दे म्हटलं असतं तर मला जन्मभर गिरणीला वळसा घालावा लागला असता.

तिसऱ्या दसऱ्याची छाटणी झाल्यावर मी एकही तुरा तोडला नाही. बोटं शिवशिवली की लेकीच्या जुन्या वह्यांची पानं घेऊन पिशव्या चिकटवत बसायची. बुलबुलांपासून घड झाकायला त्याच पिशव्या घातल्या. मांडवाखाली गणित, विज्ञान, इंग्रजी सगळं लोंबत होतं. शेळी रोज मला बघून ओरडायची. मी तिच्याकडं न बघता जायची.

फेब्रुवारी संपता संपता घड उतरायला आले. आक्का भिंतीवरून म्हणाली, "मी एकटी किती खाऊ? स्टँडवर नेऊन वीक. रोकड आण."

विकायचं. मी. स्टँडवर.

पहिल्या दिवशी टोपलीत आठ किलो भरले, वर टॉवेल झाकला, आणि स्टँडच्या निवाऱ्यात अगदी कोपऱ्यात, खांबाच्या मागं बसले. धूळ बसू नये म्हणून टॉवेल काढला नाही, असं मी स्वतःला सांगत होते. बेळगावची एक बस गेली, दुसरी गेली. एका बाईनं विचारलं, "काय हाय ओ त्यात?"

"काय न्हाय," मी म्हणाले.

ती गेली. मी मलाच शिव्या घातल्या. तिसरी बस यायच्या वेळेला आक्का पांढरी साडी नेसून आली, तिला बस्तीला, त्यांच्या देवळाला, जायचं होतं. माझ्यासमोर उभी राहिली.

"किती गेली?"

मी टोपलीकडं बघितलं.

"द्राक्षं विकाय बसलीयास का राखण कराय?" तिनं टॉवेल खस्सकन ओढला. "वरड."

"काय वरडू?"

"द्राक्षं म्हण."

"द्राक्षं," मी म्हणाले.

शेजारी बसलेला म्हातारा माझ्याकडं वळला. "काय झालं पोरी? पोटात दुखतंय काय?"

आक्कानं कपाळावर हात मारला. मग ती स्वतःच ओरडली, आणि काय ओरडली! "द्राक्षी, द्राक्षी! बिनबीची! बीज इल्ला, औषध इल्ला! कवळीवाल्यानंबी खावी!" कन्नड, मराठी, दोन्ही. माणसं वळली. एकजण म्हणाला, "एवढीशीच हैत की ओ." आक्का म्हणाली, "औषध न्हाय म्हणून बारीक. तू औषध खातोयस म्हणून मोठा झालायस?" तो हसला आणि अर्धा किलो घेतली. मी वजन करायची, माझ्या हातात आक्काचाच तराजू. तिची बस आली. जाताना म्हणाली, "आता तू. न्हाईतर मी उतरून येतीया."

त्या धमकीनं मी तोंड उघडलं. पहिल्यांदा बारीक, मग जरा मोठं. ओरडणं डोळे मिटून जमतं, हा मला शोध लागला. डोळे मिटून मी "द्राक्षं, बिनबियांची द्राक्षं" म्हणत होते. डोळे उघडले तेव्हा समोर कंपनीच्या गाडीतून उतरलेले आमचे मालक, हातात डबा.

"ह्ये काय चालवलंयस?" ते म्हणाले.

आणि माझ्या तोंडातून, अजून ओरडायच्याच आवाजात, सगळ्या स्टँडसमोर निघालं, "भावानं अँगल दिलं न्हायत!"

"काय?"

"आक्काचं पैसं हैत. तीन हजार. दोनशे चाळीस फिटलंय."

मालकांनी टोपलीकडं बघितलं, तराजूकडं बघितलं. खिशात हात घातला. "किती ऱ्हायलं? मी देतो, ऊठ."

"न्हाय," मी म्हणाले. हे नको मात्र त्यांना नकोच ऐकू आलं. "मीच घातलीत शेळीला."

त्यांनी डबा बाजूला ठेवला आणि ते खाली बसले. "एक किलो बांध," म्हणाले, "फौंड्रीतल्यास्नी उद्या नेतो. पण पैसं आधी घ्यायचं त्यांच्याकडनं, उधारी करायची न्हाय." आणि मग जरा वेळानं, "एवढं लपवायचं काय त्यात? तुझी आईबी तसलीच."

चार दिवस मी स्टँडवर बसले. शेवटच्या दिवशी टोपलीत फक्त देठ उरले. घरी येऊन नोटा मांडीवर लावल्या, दहाच्या दहांत, शंभरच्या शंभरांत. रुमालात बांधून सरळ रस्त्यानं, गिरणीच्या बाजूनं, आक्काच्या दारी गेले.

आक्का सूर्य मावळायच्या आतलं जेवण आटोपून ओसरीवर बसली होती. तिनं रुमाल सोडला, बोट ओलं करून एकदा मोजलं, परत मोजलं. मग एक दहाची नोट वेगळी काढून माझ्यासमोर धरली.

"ही फाटलीया. ही चालत न्हाय. बदलून आण."

मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. दुकानदार फाटकी घेईना. मी काउंटरवर हात ठेवून उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "तुमीच दिलीसा काल, द्राक्षं घेताना." त्यानं बदलून दिली. ती घेऊन परत आले, आक्काच्या हातात ठेवली. तिनं ती उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितली, बाकीच्यांत मिसळली, डब्यात टाकली आणि झाकण लावलं.

"फिटलं," आक्का म्हणाली.